वेस्टर्न फ्लूटचा सांधा अडकतोय, ग्रीस लावू का?

प्रश्न
मुलीसाठी वापरलेली वेस्टर्न फ्लूट घेतली आहे. बॉडीवर (मधला लांब भाग) फूट जॉइंट (खालचा आखूड भाग) चढवताना अडकतो, जोर लावावा लागतो. व्हॅसलीन किंवा क्लॅरिनेटचं कॉर्क ग्रीस चालेल का? आणि तिन्ही भाग नेमके जुळवायचे कसे?

प्रतिसाद 1
ग्रीस, व्हॅसलीन, तेल, काहीच नको. क्लॅरिनेटच्या सांध्याला बूच असतं म्हणून त्याला ग्रीस लागतं. इथे धातूवर धातू सरकतो. ग्रीसमध्ये धूळ अडकली की तिचा काळा चिकटा सांधा घासत राहतो. सांध्याच्या दोन्ही बाजू कोरड्या सुती कापडाने पुसा, आतलीसुद्धा. डाग राहिलाच तर कापडावर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण पॅडला (चावीखालची, भोक बंद करणारी मऊ गादी) लागू देऊ नका. तरीही अडकली तर सांधा दबून लंबगोल झाला असेल. ते काम दुरुस्तीवाल्याचं, घरातली पक्कड लांबच ठेवा.

प्रतिसाद 2
धरता कुठे तेही बघा. बॉडीच्या वरच्या टोकाला, कंपनीचं नाव कोरलेलं असतं तिथे, चाव्या नसतात. मूठ तिथेच. चाव्यांच्या लांब दांड्या आवळल्या तर वाकतात, मग पॅड भोकावर सपाट बसत नाही आणि खालचे सूर फुसफुसतात. फूट जॉइंट खालच्या टोकाशी धरा आणि सरळ रेषेत, थोडा थोडा पुढेमागे फिरवत चढवा. डुगडुगवत ढकललात तर सांधाच पसरतो.

फूट जॉइंटची दांडी बॉडीच्या शेवटच्या चावीच्या मध्याकडे रोखलेली हवी. हेड जॉइंटचं (वरचा भाग) फुंकायचं भोक चाव्यांच्या मुख्य रांगेच्या रेषेत. हेड पूर्ण आत दाबू नका. साधारण 5 मिमी बाहेर ठेवून सुरुवात करा, मग ट्यूनरवर (सूर तपासायचं यंत्र किंवा अ‍ॅप) ए 440, म्हणजे 440 हर्ट्झचा ए सूर जुळवा.

प्रतिसाद 3
एक राहिलं. हेडच्या बंद टोकाची टोपी सांध्याचा भाग नाही, ती पिळू नका. तिने आतलं बूच सरकतं आणि सप्तकं एकमेकांशी जुळेनाशी होतात. साफ करायच्या काठीवर टोकापासून सुमारे 17 मिमीवर खाच असते. काठी आत बुचाला टेकवली की ती खाच भोकाच्या बरोबर मध्ये दिसायला हवी. वापरलेली फ्लूट आहे, तर हे आजच तपासा.

प्रश्नकर्ता
पुसल्यावर फूट जॉइंट अलगद चढला, फडकं काळंकुट्ट. खाच मात्र मध्यापासून 2-3 मिमी टोपीच्या बाजूला दिसतेय.

प्रतिसाद 3
म्हणजे बूच टोपीकडे सरकलंय. टोपी दोन-तीन आटे सैल करून तळव्याने हळूच आत दाबा, दर वेळी काठी घालून बघा. खाच मध्ये आली की टोपी फक्त टेकेल इतकीच फिरवा. हललंच नाही तर जोर करू नका, सुकलेलं बूच बदलावं लागेल.