अनुभव धागा: ‘बोर्ड’ने तुम्हाला कधी चकवलंय का?

काल बॅग भरताना लेकीने विचारलं, आई बोर्डिंग पासमध्ये बोर्ड कुठाय? आणि एकदम लहानपण आठवलं. "नीट वाग, नाहीतर बोर्डिंगात टाकू" म्हटलं की मला वाटायचं तिथे पोरांना फळ्यांवर झोपवतात, रात्र रात्र झोप नाही यायची. मग काल शोधलंच. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी, पुढे फळीचं टेबल, मग टेबलावरचं जेवण, आणि राहून जेवायची सोय ती बोर्डिंग. म्हणजे मी फार चुकले नव्हते :) तुमचे किस्से लिहा.

चहाटळ: डायरेक्टर बोर्डाचं पण तेच, टेबलाभोवती बसणारे. नवीन नोकरीत "उद्या बोर्डासमोर बोलायचंय" ऐकून मी खडू-डस्टर शोधत फिरलो होतो, अजून चिडवतात

पैलतीर: खडू 😂😂 आपण पण कार्यकर्त्यांची फळी म्हणतोच की

निवृत्त खलाशी: जहाजाची बाजू म्हणजेही बोर्ड. स्टारबोर्डमध्ये तारेबिरे काही नाहीत, पूर्वी सुकाणूचं वल्हं उजवीकडे असायचं म्हणून ती स्टिअरिंगची बाजू. डावी ती लारबोर्ड, पण वाऱ्यात ओरडलं की दोन्ही सारखंच ऐकू येणार, शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड काढून पोर्ट केलं. तरी ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी उलट्या बाजूला पळालो. पुढचं नको विचारू.

चहाटळ: काका असं अर्धवट सोडायचं नसतं

निवृत्त खलाशी: भिजलो. बस्स.

मोरपीस: कपबोर्ड पण आधी कप मांडायचं टेबलच होतं म्हणे, कपाट नंतर झालं. तो ‘पी’ उच्चारत नाहीत म्हणून मी खाल्ला आणि शुद्धलेखनाचा एक मार्क गेला, एकच चूक होती हो पूर्ण पेपरात!! कुकर झाला, येते

आळशी मांजर: एवढं सगळं वाचून मी बोर्ड

पैलतीर: तो बोर्ड वेगळा, स्पेलिंग बघ

आळशी मांजर: माहितेय गं, जोक होता 🙄 बाकी तुझा चष्मा मिळाला का?

पैलतीर: मिळाला, डोक्यावरच होता

धागाकर्ती: लेक आता कीबोर्डचं विचारतेय. मी झोपते.