झोपेत काय काय करता, काय दिसतं तुम्हाला? अनुभव लिहा

दिग्रसची_लेक:
काल रात्री लाईन गेली म्हणून सगळे अंगणात खाटा टाकून झोपलो होतो आणि शेजारचे आबाजी झोपेतच ओरडायला लागले, "हाऽड हाऽड, घुसले घुसले!" रानडुकरं हाकलत होते. त्यांची सून म्हणे रोजचंच आहे. सगळे हसून कुशीवर वळले पण मला काही झोप लागेना, बाबा आठवले.

बाबा झोपेत औत हाकायचे. "वळ रे, वळ" म्हणत बैलाला तुतारीची काठी मारल्यासारखा हात फिरवायचे. एकदा आईच्या डोळ्याखाली चांगलंच लागलं, काळंनिळं झालं, बाजारात बायका तिच्याकडे कशा बघायच्या ते आठवतं मला. ती सांगणार तरी काय की नवऱ्याने झोपेत मारलं म्हणून? शेवटी तिने खाट वेगळी केली. मनी वसे ते स्वप्नी दिसे, दिवसभर बैलामागं तर रात्री पण बैलच, एवढंच आम्ही समजायचो. पुढे बऱ्याच वर्षांनी बाबांचा हात थरथरायला लागला, पावलं बारीक पडायला लागली. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी बाबांना सोडून आईलाच विचारलं, हे झोपेत हातपाय मारतात का? आई बघतच राहिली. पार्किन्सन निघाला.

डॉक्टरांनी सांगितलं की स्वप्न पडताना मेंदू अंगाचे स्नायू ढिले करून ठेवतो म्हणून आपण पळायचं स्वप्न बघतो पण पळत नाही. काही जणांचा हा ब्रेक सुटतो, आणि त्यातल्या पुष्कळांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा तसलाच आजार होतो. सगळ्यांना नाही. आता आबाजींच्या सुनेला हे कसं सांगू ते कळत नाहीये. असो, तुमचं लिहा, भीतीचं, गमतीचं, आजारपणातलं, काहीही.

पऱ्हाटीवाला:
आबाजीले काही झालं नसन बाप्पा, आमच्या गावात अर्धे लोक झोपीत डुकरंच हाकलतात 😄 मी स्वतः जागलीवर असतो. हरभऱ्याच्या दिवसात रातभर मचाणावर, त्यात थ्री फेज लाईन बी रातचीच, म्हणजे पाणी द्या नाही तर डुक्कर हाका. दिवसा घंटा दोन घंटे डोळा लागते तेवढाच. मंग ज्या रात्री भाऊ जागलीले जाते न् मी घरी झोपतो त्या रात्री असे सपनं पडतात का विचारू नका, पूर्ण शिनेमा, रंगीत, सकाळी उठलो का थकून गेलेला. असं कायले होते?

नर्सबाई_वॉर्डातून:
मी मानसोपचार वॉर्डात नर्स आहे, ड्युटीवरून लिहितेय, तुकड्यातुकड्यात येईल.
@पऱ्हाटीवाला, झोपेत साधारण दीड दीड तासाचे फेरे असतात. प्रत्येक फेऱ्यात शेवटी एक टप्पा येतो, त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, त्याला रेम म्हणतात, ठळक स्वप्नं बहुतेक तेव्हाचीच. सुरुवातीच्या फेऱ्यात हा टप्पा थोडा असतो आणि पहाटेकडे लांबत जातो. तुमची झोपच तुटकी त्यामुळे रेमचं देणं थकतं, आणि सलग झोप मिळाली की मेंदू ते व्याजासकट वसूल करतो.
1953 मध्ये शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी हे डोळे हलणं जगापुढे मांडलं. असेरिन्स्की तेव्हा विद्यार्थी होता, स्वतःच्या लहान पोराच्या डोक्याला तारा लावून रात्र रात्र बघत बसायचा.
दिग्रसच्या ताई, बाबांसारखं हातपाय मारण्याबद्दल थांबा, लिहिते. पेशंट आला.

आर्वीकर:
पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात त्याचं हेच कारण का मग? पहाटे जास्त पडतात आणि लगेच उठतो म्हणून लक्षात राहतात, रात्रीची विसरली जातात. आजी असती तर तिला सांगितलं असतं, तिने मला झाडूनं मारलं असतं ते वेगळं.

मटका_मुक्त:
आमचा काका स्वप्नात साप दिसला की एक आकडा, मेलेला माणूस दिसला की दुसरा आकडा असं लावायचा. वही होती त्याची. त्यात म्हैस, लग्न, विहीर सगळ्याचे आकडे. दोन एकर गेली त्या वहीत. विज्ञानात या वहीबद्दल काही आहे का नर्सबाई 🙏

संत्राबर्फी:
😂😂😂 दोन एकर

अभ्यासिकेतली:
माझं वेगळंच आहे. अमरावतीला रूम करून एमपीएससी करतेय, रात्री दोन दोन वाजेपर्यंत अभ्यास, सकाळी परत अभ्यासिका. मागच्या महिन्यात पहाटे जाग आली, डोळे उघडे, पंखा दिसतोय, रूममेट घोरतेय ते ऐकू येतंय, पण हात हलेना, आवाज निघेना, आणि छातीवर कोणीतरी बसलंय. खरंच बसलंय. दाराजवळ काळं उभं होतं ते वेगळं. थोड्या वेळाने एकदम सुटलं. मी घामाघूम. घरी फोन केला तर आईने उशाखाली विळा ठेवायला सांगितला, मामीने अंगारा पाठवला एसटीच्या कंडक्टरजवळ. विळा रूमवर कुठून आणू, भाजी कापायची सुरी ठेवली तर रूममेट घाबरली की ही मला मारते का काय. नंतर दोनदा परत झालं. कोणाला सांगायची सोय नाही, म्हणतील पोरगी बिघडली.

पऱ्हाटीवाला:
ताई मले बी झालं हे मचाणावर!! मले वाटलं मुंजा. कोणालेच सांगतलं नाही आजलोक.

नर्सबाई_वॉर्डातून:
आले परत. @अभ्यासिकेतली, बाळा ही दिग्रसच्या ताईंच्या बाबांची उलटी बाजू. तिकडे ब्रेक सुटलेला, तुझ्याकडे मन जागं झालं पण ब्रेक अजून लागलेलाच. स्लीप पॅरालिसिस. जगभर लोकांना होतं आणि जगभर छातीवर कोणीतरी बसतंच, कुठे म्हातारी तर कुठे भूत. श्वास चालू असतो, फक्त खोल घ्यावासा वाटला तरी घेता येत नाही म्हणून गुदमरल्यासारखं होतं. झोप कमी, वेळा वाकड्यातिकड्या, डोक्याला ताण, उताणं झोपणं, यात जास्त होतं. कुशीवर झोपून बघ, झालंच तर सगळं अंग हलवायच्या मागे लागू नको, एक बोट हलवायचा प्रयत्न कर. अंगाऱ्याने नुकसान नाही पण दोन वाजेपर्यंतचं जागरण आधी बंद कर. दिवसाही सारखी झोप येत असेल तर मात्र दाखव.

दिग्रसच्या ताई, तुमच्या बाबांना होतं ते 1986 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी आजार म्हणून पहिल्यांदा नीट मांडलं. पन्नाशीनंतरचे पुरुष जास्त. आबाजींचं तेच असेल असं मी इथून सांगू शकत नाही, नुसतं बडबडणारे पुष्कळ असतात. हात चालतात का, खाटेवरून पडलेत का, ते विचारा. सुनेला आजाराचं नाव नका सांगू आधी, खाटेजवळचा विळा कुऱ्हाड हलवा, खाट भिंतीपासून लांब घ्या, आणि एकदा मेंदूच्या डॉक्टरला दाखवा म्हणा. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते पण सोबत न्या, मनाच्या काही गोळ्यांनी सुद्धा हे सुरू होतं.

वेचणीवाली:
वेचणीच्या दिवसात मला डोळे मिटले की पांढरंच दिसतं. बोंड, बोंड, बोंड. झोप लागायच्या आधीच. बोटं पण चालतात म्हणे नवरा. दिवसभराची मजुरी कमी पडते म्हणून रात्री पण वेचा, आणि याचे पैसे कोण देणार

नर्सबाई_वॉर्डातून:
😄 ताई यावर खरंच प्रयोग झालाय. हार्वर्डच्या स्टिकगोल्ड यांनी 2000 साली लोकांना टेट्रिसचा खेळ खेळायला लावला, झोप लागता लागता त्यांना ते पडणारे ठोकळे दिसायला लागले. गंमत म्हणजे स्मरणशक्ती गेलेल्या काही पेशंटला पण दिसले, ज्यांना आपण खेळ खेळलो हेच आठवत नव्हतं. दिवसभराचा कापूस मेंदू रात्री गाठोड्यात बांधतो असं समजा.

झाडीपट्टीची:
आमच्याकडं ब्रम्हपुरी साईडले वाघच येतो जी स्वप्नात. मोहफूल वेचायले पहाटे जावं लागते, आमच्या शेजारच्या बाईले नेलं वाघानं, तेव्हापासून मले रोज तोच. मी पळतो, पाय उचलत नाही. माह्या पोरीले बी तेच स्वप्न, ती तर जंगलात गेली बी नाही कधी.

आर्वीकर:
@झाडीपट्टीची काळजी घ्या हो. याच्यावर वाचलं होतं, फिनलंडच्या रेव्होन्सुओ नावाच्या माणसाचं म्हणणं आहे की स्वप्न म्हणजे धोक्याची रंगीत तालीम, आदिमानवापासून चालत आलेली. सगळ्यांना पटत नाही ते. पण फिनलंडवाल्यांना तालीम, तुम्हाला तर खराच वाघ आहे.

वणीकडची:
मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. दादा गेला त्या वर्षी बोंडअळीने सगळं नेलं होतं. कसा गेला ते लिहीत नाही, आपल्या भागात सांगावं लागत नाही. त्यानंतर मला रोज एकच दिसायचं, दादा विहिरीच्या काठावर पाठमोरा उभा, मी हाक मारतेय आणि माझ्या गळ्यातून आवाजच येत नाही. ओरडून उठायची. मग झोपायचीच भीती बसली, मध्यरात्रीपर्यंत धुतलेली भांडी परत धुवायची, सासूला वाटलं कामाचा लई उरक आहे सुनेला. दिवसा कशातच लक्ष नाही, पोराला उगाच मारायची. सासरच्यांनी बारा ठिकाणी नेलं, दादाला पान ठेवलं, घागर भरली, ते सगळं केलं आणि करायचंच होतं, पण स्वप्न काही जाईना.

मग आमच्या आशाताई मागे लागून दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या मॅडमने स्वप्न कागदावर लिहायला लावलं आणि म्हणाल्या, शेवट तुला पाहिजे तसा बदल. मला राग आला. माझा भाऊ गेला आणि ही मला गोष्ट लिहायला लावते. पण लिहिलं. दादा वळतो, हातात डबा असतो, म्हणतो जेवली का नाही तू. बस एवढंच. रोज दिवसा, जागेपणी, थोडा वेळ डोळे मिटून तेच बघायचं. सोबत गोळ्या पण होत्या काही दिवस. हळूहळू ते विहिरीचं कमी झालं. एकदा खरंच स्वप्नात वळला. डबा नव्हता हातात, बिडी होती, पण वळला. पूर्ण गेलं असं नाही म्हणणार, पोळ्याच्या आसपास येतं अजून.

संत्राबर्फी:
ताई 🙏 काही सुचत नाही लिहायला. बिडी वाचून रडू आलं.

पऱ्हाटीवाला:
बहिणी, जपजो.

नर्सबाई_वॉर्डातून:
@वणीकडची, किती नीट लिहिलंत. हाच तो उपचार, जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून घोकायचा. क्रॅको आणि मंडळींनी 2001 मध्ये अत्याचार सोसलेल्या बायकांवर करून दाखवला, दुःस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. आमच्याकडे लोक भूक, डोकेदुखी, चक्कर सगळं सांगतात, पण स्वप्न कोणी सांगत नाही, ते देवऋषाकडचं खातं समजतात. वारंवार वाईट स्वप्नं पडत असतील आणि जीव नकोसा वाटत असेल तर ते डॉक्टरला स्पष्ट सांगा, दोन्हींचा संबंध असतो. दवाखाना लांब असेल तर 14416 लावा, टेली-मानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात, रात्री पण, पैसे लागत नाहीत.

सोडली_एकदाची:
दारू सोडल्यावरच्या स्वप्नाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वीस वर्ष पीत होतो, एकबी स्वप्न आठवत नाही त्या काळातलं. सोडली न् सगळे एकदमच आले भाऊ, मेलेले, जिते, मास्तर, पोलीस पाटील. सर्वात बेक्कार म्हणजे स्वप्नात मी पिऊन रायलो, सकाळी उठून बायकोले तोंडाचा वास घ्यायले लावला. डॉक्टर म्हणे दारू ते रेम का काय ते दाबून ठेवते, सोडली का उसळते, राहीन काही दिवस. पण रोजच्या पिणाऱ्यानं घरीच एकदम सोडू नका, मले भरती केलतं, हात कापत होते, नसलेले मुंगळे दिसत होते. ते स्वप्न नोहे, ते वेगळं, त्यात माणूस जाते.

मटका_मुक्त:
मुंगळ्याचा आकडा होता काकाच्या वहीत

संत्राबर्फी:
गप रे 😂

गुरुजी_मेहकर:
माझे बीपीच्या गोळीने वाढले होते. डॉक्टरांनी बदलून दिली, थांबले. स्वतः बंद करू नये. बाकी बारावीचा गणिताचा पेपर अजून येतो, मी स्वतः गणित शिकवतो तरी.

अभ्यासिकेतली:
गुरुजी तुम्हाला पण?? मग माझं काय होणार. आमच्या गावी जन्मापासून न दिसणारे एक भजनी आहेत, त्यांना मी लहानपणी विचारलं होतं तुम्हाला स्वप्न पडतं का. म्हणाले पडतं की, आवाजाचं पडतं, वासाचं पडतं, परवा पेटीवर हात ठेवला तर सगळ्या पट्ट्या गार लागल्या.

दिग्रसची_लेक:
सगळ्यांचं वाचलं, स्वयंपाक करता करता, पोळी करपली एक. सुनेशी बोलले आज नळावर. आबाजी मागच्या महिन्यात दोनदा खाटेखाली पडलेत म्हणे, कोणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी नेणार आहेत. @पऱ्हाटीवाला तुमच्याकडे डुकरांसाठी झटका मशीन, कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी, नाही का, ते बसवलं तर जागल तरी सुटेल, झोप तरी होईल.

पऱ्हाटीवाला:
औंदा घेतो म्हणतो. सोलरवाली. पण तार किती पदरी लावा लागते, दोन पुरते का? रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारते.

सोडली_एकदाची:
डुकरासाठी दोन, रोह्यासाठी वरून अजून दोन पट्टे टाका. मेन लाईनचा करंट मात्र सोडू नका कोणाच्या सांगण्यावरून, माणसं मेले त्यानं. न् तारेखालचं गवत कापत राहा, टेकलं का झटकाच उतरून जाते.

पऱ्हाटीवाला:
बॅटरी पावसाळ्यात चालते का पण?