स्वखुशीचा राजीनामा आणि बेकारीचा भत्ता

नांदेडकर :
"ज्याने स्वतःच्या हाताने राजीनामा देऊन बिऱ्हाड हलवले, त्याने बेकारीचा भत्ता कोणत्या तोंडाने मागावा?" हे या चर्चेतील कालचे वाक्य मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो. गेल्या वर्षी माझी बदली झाली, तेव्हा पत्नीने वाळूजमधील चार वर्षांची नोकरी सोडली. तिच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) ०.७५ टक्के हप्ता दरमहा कापला जात होता आणि मालकाचे ३.२५ टक्के वेगळे होते. याच विम्याच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकार झालेल्याला सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. एवढे मागून तिने कोणाचे काय लुबाडले?

जालन्याचा लेखापाल :
वाक्य माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. गैरवर्तनाची शिक्षा, वयोमानाने निवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती या योजनेत बसत नाहीत. नोकरी सोडणारा आणि नोकरी गमावणारा यांना एकाच पंगतीत कसे बसवणार?

नांदेडकर :
स्वेच्छानिवृत्ती म्हणजे राजीनामा, हा अर्थ आपण लावलात. शिवाय नवऱ्याच्या बदलीमागे जाणारीची 'स्वेच्छा' नेमकी कोणती?

वाळूजचा फिटर :
आपण दोघेही राजीनाम्याचा कागद खरा धरून भांडत आहात. ठेकेदाराने कामावर घेतानाच माझ्याकडून बिनतारखेचा राजीनामा लिहून घेतला होता. २०२० मध्ये आम्हा अकरा जणांना काढले, तेव्हा त्यावर तारीख पडली आणि कागदोपत्री आम्ही सगळे एकाच दिवशी स्वखुशीने घरी गेलो. त्याच वर्षी भत्ता २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाला, हे वाचून हसावे की रडावे ते कळेना.

जालन्याचा लेखापाल :
ही उघड फसवणूक आहे. तक्रार करावयास हवी होती. परंतु येथील प्रश्न तो नाही.

वाळूजचा फिटर :
तक्रार करणाऱ्याला दुसरा ठेकेदार दारात उभा करत नाही, हे आपल्या खतावणीत कोठे नोंदवतात? प्रश्न हाच आहे, साहेब. 'स्वखुशी' कोण ठरवते?

बीडकर :
आमचे निम्मे गाव दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन हलते. त्यांना भत्ता दूरच, पगाराची पावतीही ठाऊक नाही. पावतीवाल्यांचे भांडण चालू द्यावे.

जालन्याचा लेखापाल :
असो. जोडीदाराच्या बदलीचा आदेश अर्जासोबत जोडला, तर सवलत द्यावी, इतके मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र हवापालटासाठी गाव बदलणाऱ्यांना नाही.

नांदेडकर :
उपकार झाले. मे महिन्यात नांदेडला हवापालटासाठी कोणी येत नाही, याची खात्री बाळगावी.