मदत हवी आहे : हेड नोडवरचा जीमॉनडी (गँग्लियाचा एजंट) पुन्हा सुरू केला की बाकीच्या नोडचे आलेख थांबतात

नमस्कार.

आमच्या विभागात एक हेड नोड (मुख्य संगणक) आणि आठ कंप्यूट नोड (गणने करणारे संगणक) असा छोटा क्लस्टर आहे. सर्वांवर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली आहे. त्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली हे मला ठाऊक आहे, परंतु आमचे एक जुने सॉफ्टवेअर त्यापुढच्या आवृत्तीवर चालत नाही. तेव्हा ‘आधी ओएस बदला’ हा सल्ला कृपया तूर्त बाजूला ठेवावा. गेल्या महिन्यात एका जॉबने एका नोडची सगळी मेमरी खाल्ली आणि शुक्रवारी संध्याकाळी अडकलेला तो नोड सोमवारी सकाळपर्यंत कोणाच्याही लक्षात आला नाही, म्हणून मी ईपेल या जादा पॅकेजांच्या संग्रहातून गँग्लिया ३.७.२ हे नोडवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले. प्रत्येक नोडवर आकडे पाठवणारा जीमॉनडी हा एजंट आणि हेड नोडवर त्याच्या जोडीला ते गोळा करून साठवणारा जीमेटाडी व वेब पान, अशी नेहमीचीच मांडणी आहे.

मूळ फाइलमध्ये असतो तसा २३९.२.११.७१ हा मल्टिकास्ट (एकाच वेळी सर्व नोडना पाठवण्याचा) पत्ता मी सुरुवातीला कायम ठेवला होता. सेवा सुरू केली की सर्व नोड दिसत आणि चार-पाच मिनिटांनी ‘बंद’ म्हणून लाल होत. शेवटी मल्टिकास्टचा नाद सोडून प्रत्येक नोडच्या यूडीपी पाठवण्याच्या चॅनलमध्ये हेड नोडचा पत्ता आणि ८६४९ हा पोर्ट दिला, नोडवरचे ऐकण्याचे चॅनल काढून टाकले आणि ‘डेफ’ला (नोडने काही ऐकू नये या पर्यायाला) ‘येस’ केले. फायरवॉलमध्ये तो पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडा आहे. यानंतर तीन आठवडे सर्व सुरळीत चालले.

रविवारी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलताना फक्त हेड नोड बंद करावा लागला. तो पुन्हा चालू केल्यापासून आठही नोड वेब पानावर ‘चालू’ दिसतात, मात्र हेड नोड वगळता एकाचाही आलेख पुढे सरकत नाही. टीसीपीडंप हे नेटवर्कवरची पाकिटे दाखवणारे साधन लावून पाहिले, तर सर्व नोडची पाकिटे ८६४९ वर व्यवस्थित पोचत आहेत. हेड नोडवर नेटकॅटने त्याच पोर्टला जोडून एक्सएमएल काढले, तेव्हा हेडच्या होस्ट टॅगखाली मेट्रिकच्या (मोजमापांच्या) तीसेक ओळी दिसल्या, आणि तिसऱ्या नोडच्या टॅगमध्ये ‘टीएन’ ५, म्हणजे पाच सेकंदांपूर्वीच त्याची खबर आलेली. पण पुढच्याच ओळीत टॅग बंद. मध्ये एकही मेट्रिक नाही. त्या नोडवरचा जीमॉनडी पुन्हा सुरू केला की तेवढा नोड लगेच पूर्ववत होतो. प्रत्येक वेळी आठ ठिकाणी जाऊन सेवा पुन्हा सुरू करणे हा काही उपाय नव्हे. नेमके कोठे चुकते आहे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान सोपे झाले. नोडवरच्या जीमॉनडीच्या फाइलमधील ग्लोबल्स विभागात ‘सेंड_मेटाडेटा_इंटरव्हल’ (वर्णने किती सेकंदांनी पुन्हा पाठवायची ते) शून्य आहे का, ते पाहावे. मूळ फाइलमध्ये ते शून्यच असते.

गँग्लिया ३.१ पासून मेट्रिकचे वर्णन, म्हणजे तिचा प्रकार, एकक वगैरे, एका पाकिटात जाते आणि आकडा दुसऱ्या. वर्णन एजंट सुरू होताना एकदा पाठवले जाते, त्यानंतर कोणी मागितले तरच. आपला हेड नोड बंद झाला तेव्हा त्याच्या स्मृतीतली वर्णने गेली, आणि आता येणारे आकडे कशाचे हे त्याला कळत नसल्याने तो ते टाकून देतो. तो वर्णने मागतोही, परंतु ती मागणी त्याच्या स्वतःच्या पाठवण्याच्या चॅनलवरून जाते. मल्टिकास्टमध्ये ती सर्वांना ऐकू येते. युनिकास्टमध्ये, म्हणजे आपल्यासारखे एकाच पत्त्यावर पाठवताना, ती हेडकडेच परत येते. आपले नोड तर ‘डेफ’ आहेत, त्यांना असेही काही ऐकू येणार नाही.

सर्व नोडवर हे मूल्य ३० किंवा ६० सेकंद करावे. एक सावधगिरी : बदल केल्यावर नोडवरची सेवा पुन्हा सुरू करावीच लागते आणि तेवढ्यानेही आलेख परत येतात, त्यामुळे तो दुरुस्तीचा पुरावा मानू नये. नंतर हेडवरचा जीमॉनडी पुन्हा सुरू करून पाहावे.

मल्टिकास्टमधली अडचण बहुधा स्विचची असावी. त्यावर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त नोंद असलेल्या सदस्यांकडे पोचवण्याची सोय) चालू असेल आणि नेटवर्कवर क्वेरिअर (सदस्यत्व ठराविक वेळाने विचारणारे उपकरण) नसेल, तर सदस्यत्वाची नोंद साधारण २६० सेकंदांत संपते. आपली चार-पाच मिनिटे तीच.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. मूल्य शून्यच होते. ते ६० केले, आठही नोडवर सेवा पुन्हा सुरू केली आणि मग आपण म्हटल्याप्रमाणे हेडवरचा जीमॉनडी थांबवून चालू केला. मिनिटभरात सात नोड आले, सहावा आला नाही. त्याची फाइल मी पूर्वी हाताने लिहिलेली होती आणि तिच्यात ती ओळच नव्हती, त्यामुळे माझ्या स्क्रिप्टला बदलायला काही सापडले नव्हते. ओळ घालून हीच परीक्षा पुन्हा घेतली, आता आठही नोड टिकून आहेत. रविवारपासूनची आलेखातली रिकामी जागा मात्र तशीच राहिली आहे.

स्विच आमच्या ताब्यात नाही, तेव्हा युनिकास्टच ठेवतो.