पुणे-रत्नागिरी व्हिडिओ कॉल तासाभराने कट होतो, लाईन मात्र चालू असते

नेटवर्क_पुणेकर:
मंडळी मदत हवीये, तीन आठवडे झाले हे मागे लागलंय. आमच्या संस्थेचं मुख्य कॉलेज पुण्यात आणि केंद्रं रत्नागिरी नि सोलापूरला, तिन्हीकडे एच.323 (व्हिडिओ कॉलचं एक स्टँडर्ड) चे रूम युनिट, म्हणजे वर्गात बसवलेले कॅमेरा-स्क्रीनचे कॉलिंग बॉक्स, आहेत, पुण्यातून सर शिकवतात आणि तिकडची मुलं स्क्रीनवर बघतात. सोलापूरचा कॉल आजपर्यंत एकदाही तुटला नाही. रत्नागिरीचा मात्र तास होऊन गेला की कधीतरी कट होतो, कधी 1 तास 10 मिनिटांनी, कधी 1 तास 40, आणि गेल्या बुधवारी तर अडीच तास चालला, काहीच झालं नाही. सोलापूर एमपीएलएसवर (प्रोव्हायडरची खाजगी वाट) आहे, रत्नागिरी ब्रॉडबँडवर आयपीसेक टनेल, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली एन्क्रिप्टेड वाट. कॉल 1 एमबीपीएसचा आणि लाईन 20 ची. प्रोव्हायडर म्हणतो पावसाळ्यात घाटात फायबर तुटते म्हणून होतंय, पण मी दिवसभर पिंग (लाईन जिवंत आहे का ते तपासणारी छोटी पॅकेटं) लावून ठेवला होता, कॉल कट झाला त्या मिनिटालाही एकही पॅकेट हरवलं नाही. परत डायल केला की लगेच लागतो, पण तोवर तिकडे 40 मुलं ताटकळत बसतात आणि सरांची शिकवायची लय तुटते. दिवाळीआधी परीक्षा आहे त्यांची, म्हणून जीव तुटतो.

केबलवाला:
एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साईज, बघितलात का? आयपीसेकच्या हेडरमुळे 1500 चं पॅकेट टनेलमधून अख्खं जात नाही. फ्रॅगमेंट करू नको असा फ्लॅग लावून 1472 साईजचा पिंग मारा आणि खाली खाली येत जा, जिथे जायला लागेल त्यात हेडरचे 28 मिळवा, तो तुमचा एमटीयू.

सातारी_फायरवॉल:
मला टनेलचं रीकी, म्हणजे ठराविक वेळाने एन्क्रिप्शनची किल्ली बदलणं, वाटतंय. फेज 2 चं (डेटाच्या किल्लीचं) लाईफटाईम बऱ्याच ठिकाणी 3600 सेकंद ठेवलेलं असतं, दोन्ही टोकांना वेगळं असेल तर किल्ली बदलताना गॅप पडतो. दोन्हीकडचं जुळवून बघा.

नेटवर्क_पुणेकर:
दोन्ही केलं दादा. एमटीयू 1400 लावला, काही फरक नाही. रीकी लॉगमध्ये दिसतंय पण ते 9:40 ला झालं आणि कॉल कट झाला 10:22 ला, म्हणजे मेळ बसत नाही.

तात्या_राऊटर:
किती वाजता तुटला ते तुम्ही लिहून ठेवलंय, पण त्या क्षणी वर्गात कोण काय करत होतं? रिमोट कुणाच्या हातात होता, काय दाबलं? हे विचारायचं कारण सांगतो. चित्र आणि आवाज यूडीपीवरून (पोच न मागता पाठवायची पद्धत) सतत वाहतात, पण कॉलचं सिग्नलिंग, म्हणजे कॉल लावायचे-सांभाळायचे निरोप, टीसीपीवर (पोच घेणारं कनेक्शन) असतं, 1720 पोर्ट आणि त्यातून निघालेलं एच.245 चं (चित्र-आवाजाचे चॅनेल उघडायचं-बंद करायचं ठरवणारं) दुसरं कनेक्शन. कॉल लागला की तिथे बऱ्याचदा शुकशुकाट असतो, काही युनिट अधूनमधून तिथे काही पाठवतच नाहीत. फायरवॉलला वाटतं हे कनेक्शन मेलं, अनेक बॉक्समध्ये 3600 सेकंद काही हललं नाही की सेशन, म्हणजे त्या कनेक्शनची नोंद, काढून टाकतात. तरीही चित्र चालूच राहतं! मग कुणी स्लाइड शेअर केली की त्याचा निरोप त्या मेलेल्या टीसीपीवरून जातो, उत्तर येत नाही आणि युनिट कॉल सोडून देतं. पिंग कधीच चुकणार नाही यात. उद्या वर्गात जाऊन बसा तुम्ही.

नेटवर्क_पुणेकर:
तात्या, बसलो आज रत्नागिरीच्या कॉलला शेवटपर्यंत. पहिला तास सर फळ्यावरच शिकवत होते, कॅमेरा फळ्यावर. 1 तास 12 मिनिटांनी त्यांनी लॅपटॉपची केबल लावली, शेअरचं बटण दाबलं, स्क्रीन दोन-तीन सेकंद तशीच थिजली आणि गेला कॉल. फायरवॉलचा लॉग काढला तर 12 मिनिटं आधीच 1720 चं सेशन बंद, कारण आयडल टाईमआऊट. आणि बुधवारी का टिकला तेही कळलं, त्या दिवशी मॅडम दर वीस मिनिटांनी स्लाइड चालू-बंद करत होत्या. सोलापूरच्या वाटेत फायरवॉलच नाहीये.

तात्या_राऊटर:
सापडलं मग. आता दोन युनिटच्या आयपींमध्येच लागू होईल अशी वेगळी पॉलिसी काढा, पोर्टवर नको कारण एच.245 चा पोर्ट दर कॉलला बदलू शकतो. तिचा टाईमआऊट 4 तास करा, दोन्ही टोकांच्या बॉक्सवर. सगळ्या ट्रॅफिकचा वाढवू नका, सेशन टेबल उगाच फुगतं. युनिटमध्ये टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत ठेवायला अधूनमधून जाणारं छोटं पॅकेट) असेल तर तोही ऑन करा.

नवखा_नगर:
मधेच विचारतो, माफ करा. आमचा सिप (कॉल लावायचा दुसरा प्रोटोकॉल) कॉल बरोबर 32 सेकंदांनी कट होतो, दर वेळी. हेच असेल का?

तात्या_राऊटर:
नाही रे, तुझं वेगळं. कॉल उचलला की 200 ओके (उचलल्याचा निरोप) जातो, त्याला समोरून एसीके (पोच) आला नाही तर युनिट तोच परत परत पाठवतं आणि 32 सेकंदांनी हार मानून कॉल तोडतं. तुझ्या युनिटच्या काँटॅक्ट हेडरमध्ये (निरोप कुठे पाठवायचा तो पत्ता) 192.168 चा, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कचा, पत्ता जातोय का बघ, आणि राऊटरमध्ये सिप एएलजी (सिपचे निरोप वाटेत बदलणारी सोय) ऑन असेल तर आधी बंद करून टेस्ट कर. नाही जमलं तर वेगळा धागा काढ, कॅप्चर (कॉलच्या पॅकेटची नोंद) टाक.

नेटवर्क_पुणेकर:
काल रात्री पॉलिसी टाकली. आज सकाळी मुद्दाम दोन तास कॉल नुसता ठेवला, कुणी हात लावला नाही, आणि मग शेअर दाबलं. स्लाइड रत्नागिरीत दिसली. तिकडच्या मावशींनी कॅमेऱ्यासमोर येऊन हात हलवून सांगितलं. तात्या, खरंच खूप आभार. उद्या पूर्ण लेक्चर आहे, लॉग चालू ठेवतो आणि संध्याकाळी इथे टाकतो.