एक्स३, जीएलसी, क्यू५ की एक्ससी६०? जळगाव पासिंग, वर्षाला २५ हजार किमी

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. एक्स-शोरूम ७०-७५ लाखांत गाडी बघतोय. यादीत चार नावं आहेत: नवी बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज जीएलसी, ऑडी क्यू५ आणि व्होल्वो एक्ससी६०.

वापर असा: आठवड्यातून एकदा रावेर, महिन्यातून एक-दोनदा पुणे किंवा मुंबई, बाकी गावातलं. वर्षाला २५ हजार किमी धरा. मागच्या सीटवर आई-नाना, दोघंही सत्तरीपार. केळीच्या बागेपर्यंतचे शेवटचे दोन किमी शिवाररस्ता, पावसाळ्यात निव्वळ काळ्या मातीचा राडा.

एक्स३ नव्या पिढीची आहे, जीएलसी २०२३ ची. तेवढ्यासाठी जीएलसी मागे टाकावी का? पेट्रोल घ्यावं की डिझेल? आणि गाडी फर्मच्या नावावर घेण्यात फायदा आहे का? स्क्रीन किती इंचाची आणि स्पीकर किती, ते मी ब्रोशरमध्ये वाचलंय, त्यावर लिहू नका.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

भाऊ, पिढीचं सोडा, आधी इंधन ठरवा. ते ठरलं की यादी आपोआप निम्मी होते. ऑडीने भारतात २०२० मध्ये बीएस६ (प्रदूषणाचे कडक नियम) आल्यावर डिझेल बंद केलं. व्होल्वोने तर २०२४ मध्ये जगभरातलं डिझेल उत्पादनच थांबवलं. म्हणजे डिझेल हवं असेल तर एक्स३ २०डी आणि जीएलसी २२०डी, दोनच उरतात.

पेट्रोलमध्ये मात्र एक्स३ २० आणि जीएलसी ३०० ही बरोबरीची जोडी नाही. नव्या एक्स३ २० पेट्रोलला १९० हॉर्सपॉवर आणि ३१० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. तिच्याच आधीच्या ३०आयला २५२ हॉर्सपॉवर होती. जीएलसी ३०० मध्ये २५८ आणि ४००. एक्ससी६० बी५ अडीचशेच्या आसपास. पाच माणसं, सामान, एसी फुल आणि समोर कन्नड घाट, अशा वेळी हा फरक पायाला कळतो. दोन लेनच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली ओलांडतानाही कळतो. डिझेलमध्ये तसं नाही. दोघांची हॉर्सपॉवर १९७, टॉर्क एक्स३ला ४०० आणि जीएलसीला ४४०.

आता पैशाचा हिशेब. पेट्रोल १० चं आणि डिझेल १४ चं ॲव्हरेज धरा, भाव १०५ आणि ९२ रुपये धरा. २५ हजार किमीला पेट्रोल २,५०० लिटर, म्हणजे २ लाख ६२ हजार. डिझेल साधारण १,७८६ लिटर, म्हणजे १ लाख ६४ हजार. वर्षाला ९८ हजारांचा फरक पडला. उलट बाजूला रोड टॅक्स: २० लाखांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५. सत्तर लाखांवर ९.१० विरुद्ध १०.५० लाख. त्यात डिझेल मॉडेलचे एक-दोन लाख जास्तीचे. अडीच ते साडेतीन वर्षांत भरपाई होते, पुढचं सगळं वाचलेलं. १० हजार किमीचा वापर असता तर मीच पेट्रोल सांगितलं असतं.

आणखी एक. टर्बो पेट्रोल गाड्यांना ९५ किंवा त्यावर ऑक्टेन लागतो का, ते टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतं. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालतं की नाही, तेही तिथेच बघा. रावेर-यावलकडच्या पंपांवर बहुतेक वेळा साधंच पेट्रोल मिळतं. ऑक्टेन कमी पडला तरी इंजिन लगेच बिघडत नाही. नॉक सेन्सर इंजिनातली ठकठक ओळखून ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही उतरतात. मे महिन्याच्या उन्हात जास्तच.

अमळनेरकर

दादा, गाडी चारी चांगल्या शेत, पन पहिले टायर दखा, मंग गाडी दखा. बागेत जायला घरी जुनी बोलेरो असेल तर विकू नका, एवढंच म्हणणं.

सातपुडा_३९ (शहादा)

अमळनेरकरांनी एका ओळीत सांगितलं, ते जरा उलगडतो.

या वर्गात १९ इंची २३५/५५ आणि २० इंची २५५/४५ ही नेहमीची मापं. २३५ चे ५५ टक्के म्हणजे टायरची भिंत १२९ मिमी. २५५ चे ४५ टक्के म्हणजे ११५. दीड सेंटीमीटर कमी रबर. ऐंशीच्या वेगात धारदार खड्डा लागला की तो आणि अलॉयची कड यांच्यामध्ये भिंत चेपते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुग्याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचाच. म्हणून जे व्हेरिएंट घ्याल ते १९ इंचीवर घ्या. फोटोत २० इंची देखणी दिसते हे खरं, पण हे माप जळगावात दुकानात पडलेलं नसतं, मागवावं लागतं. तोपर्यंत गाडी उभी.

रन-फ्लॅट टायर असतील तर ते वेगळे ओळखा. भिंत कडक, त्यामुळे धक्का जास्त. हवा गेल्यावर साधारण ८० किमी, तेही ८० च्या वेगाने जाता येतं. अजिंठ्याजवळ पंक्चर झालं तर जळगाव कसंबसं गाठाल. पण तसा चाललेला टायर बहुधा टाकूनच द्यावा लागतो. शोरूममध्ये बूटचा फ्लोअर स्वतः उचलून बघा: स्टेपनी आहे, बारीक स्टेपनी आहे, की नुसता पंप आणि फेसाची बाटली? बाटलीचा फेस खिळ्याच्या भोकाला चालतो, फाटलेल्या भिंतीला नाही. आणि बारीक स्टेपनी जीएलसीच्या ६२० किंवा एक्स३च्या ५७० लिटर बूटमध्ये कुठे बसते, तेही बघून घ्या, नाहीतर आई-नानांच्या बॅगा मांडीवर.

शिवाररस्त्याचं म्हणाल तर फोर-मॅटिक, एक्स-ड्राइव्ह, क्वाट्रो, चारही चाकांना ताकद देणाऱ्या ड्राइव्हचं नाव काहीही असो, ओल्या काळ्या मातीत टायरच्या खाचा पहिल्या पन्नास मीटरमध्येच भरतात. मग चारही चाकं गुळगुळीत, आणि ताकद चारही चाकांना मिळून चारही जागेवर फिरतात. दोष ड्राइव्हचा नाही, हायवे टायरचा आहे. वर ती माती चाकाच्या कमानीत आणि ब्रेकजवळ वाळून विटेसारखी होते, ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस अलाइनमेंट करत बसतो. पाण्याने आतून धुतलं की थरथर जाते. जून ते सप्टेंबर बागेपर्यंत दुसरी गाडी न्या. कोरड्या दिवसांत चारही जातील.

व्होल्वोबद्दल दोन शब्द. एअर सस्पेन्शनमुळे मागे बसणाऱ्याला ती सगळ्यात सुखाची. मागच्या एसीचे झरोके बाजूच्या खांबांत आहेत, हवा थेट अंगावर येते, खान्देशच्या मे महिन्यात याला मोल आहे. पण हवेच्या पिशव्या रबराच्याच. रात्रभर उभी राहून सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला किंवा कॉम्प्रेसर सारखा घुरघुरत राहिला तर गळती समजा आणि तेव्हाच दाखवा. तसंच दामटलं तर पिशवीबरोबर कॉम्प्रेसरही जातो. पंक्चरवाल्याने जॅक लावण्याआधी सेटिंगमधून लेव्हलिंग बंद करायचं, हे चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

तापीकाठ (जळगाव)

१९ इंची पक्कं. डिझेलकडे कल झालाय, पण ॲडब्लू (धूर साफ करणारं द्रावण) आणि डीपीएफचं (काजळीच्या गाळणीचं) लोक फार घाबरवतात. आणि फर्मचा प्रश्न राहिला.

खतावणी (धुळे)

फर्मचं मी सांगते. गाडी कंपनीच्या नावावर नोंदली तर रोड टॅक्स २० टक्के. सत्तर लाखांवर १४ लाख, म्हणजे डिझेलच्या वैयक्तिक दरापेक्षा साडेतीन लाख जास्त. प्रोप्रायटरशिप असेल तर नोंदणी व्यक्तीच्याच नावावर होते, तिथे नेहमीचा दर. जीएसटीचं क्रेडिट या गाडीवर मिळत नाही, कलम १७(५) आड येतं. "सेट-ऑफ मिळेल" असं सेल्समन म्हणाला तर त्याला ते लेखी मागा, विषय तिथेच संपतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर सेस जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे त्याआधीच्या किमतींवरची तुलना वाचू नका.

घसारा १५ टक्के, घटत्या किमतीवर. आणि इथेच मुहूर्त नडतो. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच, साडेसात टक्के. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतलेली गाडी यात सापडते, म्हणजे दिवाळी पाडव्याची हमखास. घरच्यांना पाडवाच हवा असेल तर गुढीपाडवा धरा. तो मार्चअखेर पडला तर आठवडाभर थांबून डिलिव्हरी एप्रिलमध्ये घ्या. घरगुती वापराचा वाटा खर्चातून वजा होतो, हेही लक्षात असू द्या. डीलर वरून जो १ टक्का टीसीएस (आगाऊ आयकर) घेतो तो रिटर्नमध्ये वळता होतो, तो किमतीत मोजू नका.

पाना_नंबर_१३ (भुसावळ)

डीपीएफ म्हणजे काजळीची गाळणी. भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिला सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळतं. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं, साठच्या वर वेग लागतो. नुसतं रिंगरोड-बाजारपेठ-घर केलं तर जाळणं दर वेळी अर्धवट सुटतं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. तुमचा आठवड्याचा रावेरचा फेरा म्हणजे त्यावरचं औषधच. जाळणं चालू असताना आयडलिंग थोडं वाढतं आणि बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतो, तो बिघाड नाही. शक्य असेल तर तेव्हा दहा मिनिटं आणखी चालवा.

ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं द्रावण. संपलं आणि गाडी बंद केली तर पुन्हा चालू होत नाही. पण त्याआधी शेकडो किमी इशारे येतात, त्यामुळे आपल्या दुर्लक्षाशिवाय असं होत नाही. खरी अडचण उन्हाची आहे. पंचवीस अंशांत दीड वर्ष टिकणारा माल पस्तीस अंशांत सहा महिन्यांत उतरतो, आणि आपल्याकडे दुकानाच्या ओट्यावर कॅन पंचेचाळीसमध्ये उभे असतात. आयएसओ २२२४१ लिहिलेला, सीलबंद, ताज्या तारखेचा कॅन घ्या. उरलेला डिकीत ठेवू नका. आणि हे ठळक सांगतो: सोसायटीतून आणलेला शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकायचा उद्योग कुणी सुचवला तर हात जोडा. तो नीम कोटेड असतो. त्यातलं तेल आणि न विरघळणारा गाळ इंजेक्टरमध्ये बसतो, मग पंप, इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट सगळंच बदलायची वेळ येते. वॉरंटी नाकारायला कंपनीला तेवढं पुरेसं.

धूळ. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरावर बदला. कापूस वेचणीच्या दिवसांत पुढच्या जाळीतून तंतू आत जाऊन कंडेन्सरवर गोधडी तयार होते. एसी हायवेला गार आणि सिग्नलला कोमट वाटला तर गॅस भरायच्या आधी ते बघा. पाणी हलक्या दाबाने, शक्यतो आतून बाहेर. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पाती आडवी होतात.

काचांना फिल्म लावायचा मोह होईल. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. काळी फिल्म म्हणजे दंड. त्यापेक्षा मागच्या दारांना ओढायचे पडदे आहेत का, पॅनोरमाचं (काचेच्या छताचं) झाकण जाड आहे का, ते दुपारी दोनच्या टेस्ट ड्राइव्हला बघा. सकाळी दहाची टेस्ट ड्राइव्ह खान्देशात काही कामाची नाही. नानांना सोबत न्या आणि मागे चार वेळा चढ-उतार करायला लावा.

समृद्धीवरून जाणार असाल तर हवा घरून, थंड टायरमध्ये भरा, पाच माणसांसाठीचा आकडा दाराच्या खांबावर असतो. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय वाढतो. वाटेत आकडा वाढलेला दिसला म्हणून गरम टायरची हवा सोडू नका. कमी हवेने भिंत जास्त वाकते, तापते आणि फुटते.

आता सर्व्हिस. शोरूम किती छान यापेक्षा वर्कशॉप किती लांब ते विचारा. संभाजीनगर जळगावपासून १६० किमी, नाशिक २५०. तिथे फोन करून तीनच गोष्टी विचारा: पुढचे ब्रेक पॅड, पुढची काच आणि पुढच्या सस्पेन्शनचा आर्म स्टॉकमध्ये असतो की मागवावा लागतो, आणि मागवला तर किती दिवस. ज्याचं उत्तर सरळ, ती गाडी दोन गुण पुढे. माझं मत: १९ इंचीवर जीएलसी २२०डी पहिली. एक्स३ २०डी दुसरी, तीही नाना मागे बसून खूश झाले तरच. तिचे एसीचे झरोके टचवर सरकवायचे आहेत, ते हायवेला चालवताना मला पटत नाही. पण वर्कशॉपची उत्तरं उलटी आली तर क्रमही उलटा.

विम्यात झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) आणि टायर कव्हर ही चार घ्या. इंजिन प्रोटेक्ट यासाठी की भुयारी पुलाखाली साचलेल्या पाण्यात इंजिनाने पाणी ओढलं की साधी पॉलिसी हात वर करते. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिलिव्हरीआधी टायरवरचे चार आकडे बघा. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. सगळ्या टायरच्या तारखा जवळपासच्या असाव्यात. जर्मन गाड्यांना चाकाचे नट नसतात, बोल्ट असतात, बहुधा १७ मिमी. लॉक बोल्टची चावी टूलकिटमध्ये आहे ना, ते हातात घेऊन बघा. ती हरवली तर पंक्चरवाला छिन्नी काढतो. एअर गनने घट्ट करू देऊ नका, १४०-१५० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पान्यानेच.

आणि गाडी कुठे अडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून किंवा क्रेनने पुढची दोन चाकं उचलून ओढायची नाही. चारही चाकं गिअरबॉक्सशी जोडलेली असतात, दोन जमिनीवर फिरली की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) जळतो. फ्लॅटबेडच मागवायचा. ओढायचा हुक टूलकिटमध्ये सुटा असतो, बंपरमधली छोटी टोपी काढून तिथे पिळायचा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून बघा, जोर लावू नका.