शेजारच्या घरातून झोंबणारा वास, आत लहान मुलगी

प्रश्न (मांद्रे): शेजारचं घर भाड्यानं दिलंय. रात्री खिडक्या बंद, पंखे घरघरतात आणि नाकाला झोंबणारा वास येतो. बाटल्यांचे खोके मागच्या दारानं येतात. आत एक चिमुरडी आणि अंथरुणाला खिळलेली आजी. घरमालक म्हणतो, "भाडं वेळेवर येतं, आपल्याला काय?" ड्रग बनवत असतील तर ह्या दोघींसाठी वेगळा कायदा आहे का?

उत्तर १: ताई, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मूल किंवा परावलंबी प्रौढ मेथ (मेथॅम्फेटामिन, एक ड्रग) बनवण्याच्या रसायनांच्या संपर्कात येऊ देणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे वेगवेगळे कायदे जोडून काम चालवावं लागतं. ड्रग बनवण्याच्या गुन्ह्यासाठी १९८५ चा एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायदा. मुलीसाठी बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७५: ताबा असलेल्यानं मुलाला नाहक त्रास होईल असं ठेवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद. तिच्याकडून माल पोचवला तर कलम ७८, ७ वर्षांपर्यंत. आजीची बाजू मात्र लंगडीच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा भर पोटगीवर.

उत्तर २: घरमालकाला एनडीपीएसचं कलम २५ वाचून दाखवा. जाणूनबुजून घर वापरू दिलं तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्यालाही. भाड्याचा हिशोब मग करू दे!

उत्तर ३: डोकवायला जाऊ नका. सॉल्व्हंटची (विरघळवणाऱ्या रसायनाची) वाफ ठिणगीनंही पेटते. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) वर मुलीचं सांगा, १९३३ (अंमली पदार्थांची हेल्पलाइन) वर ड्रगचं. आग-धूर दिसला तर थेट ११२.

प्रश्नकर्ती: १०९८ ला फोन केला. आजीचंही सांगितलंय.